सीटखालचा छोटा सबवूफर: कुठे बसवावा, वायर कशी ओढावी, ट्यूनिंग कसं करावं?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०२१ ची. कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ आहे आणि तोच ठेवायचाय, कारण रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं त्यालाच जोडलेली आहेत. पुणे–कराड येणंजाणं नेहमीचं, बरोबर आई-बाबा असतात. बाबा स्वतः तबला वाजवतात. त्यामुळे गाडीत शास्त्रीय, नाट्यगीतं, भजनं, आणि मी एकटा असलो की जुनी सिनेमाची गाणी.

अडचण अशी की गाडी उभी असताना ऐकायला छान वाटतं, पण हायवेला ऐंशीच्या पुढे गेलं की डग्गा नाहीसा होतो. चाट ऐकू येते, बोल कळतात, पण घिस्सा (डग्ग्यावर तळहात घासून काढलेला सरकता स्वर) आणि घुमारा टायरच्या आवाजात बुडून जातो. आवाज वाढवला की गायकाचा गळा कानाला टोचतो. बाबा मग म्हणतात, बंद कर.

डिकी २६८ लिटरची, तीत मोठा खोका ठेवला तर सामान कुठे ठेवणार? म्हणून सीटखाली बसणारा, आतच अॅम्प असलेला ८ इंची सब, म्हणजे फक्त खालचे, बासचे स्वर काढणारा स्पीकर, घ्यायचं मनात आहे. इथल्या एका दुकानदाराने सांगितलं, "अर्ध्या तासाचं काम आहे, लायटरच्या सॉकेटमागून करंट घेऊ, फ्यूज वगैरे काही लागत नाही." ते ऐकून मी परत आलो. आधी इथे विचारतोय. सब घ्यावा की आधी दाराचे स्पीकर बदलावेत? आणि वायरिंगची योग्य पद्धत कोणती?

राजगडवारी
आधी दारं. कंपनीच्या दाराचा आतला पत्रा मोकळा असतो, स्पीकर हलला की तोही हलतो आणि बास तिथेच मरतो. दारांना ब्यूटाइलच्या डॅम्पिंग शीट लावा, मोठी भोकं बुजवा, साडेसहा इंची बऱ्यापैकी स्पीकर टाका. निम्मी तक्रार तिथेच संपेल. माझ्या गाडीत सब नाही आणि मला त्याची उणीव भासत नाही.

मंद्रसप्तक
डॅम्पिंगबद्दल पूर्ण सहमत, पण कोयनाकाठ यांची तक्रार नीट वाचा. गाडी उभी असताना त्यांना डग्गा ऐकू येतो. म्हणजे दाराचे स्पीकर तो स्वर काढतायत, रस्ता तो झाकून टाकतोय. टायरचा आणि रस्त्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्ट्यातला असतो, त्यामुळे तो नेमका डग्गा, पखवाज, बास गिटार हेच खातो. याला उपाय म्हणजे फक्त खालचा पट्टा वर उचलणं. स्टिरिओचा बास वाढवून ते केलं की दाराचे छोटे स्पीकर गळपटतात, आणि कोन जास्त हलल्यामुळे त्याच स्पीकरातून येणारा गळाही गढूळ होतो.

आकडे बघा. काळी एकला गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार जवळपास ६९ हर्ट्झला वाजते. बास गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झला. कंपनीचे दाराचे स्पीकर साधारण साठ-सत्तरच्या खाली दम सोडतात. तानपुरा काठावर आहे, बाकीचा मजला रिकामाच.

छोट्या सबला गाडीत एक मोठा फायदा मिळतो. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर, गाडीची केबिन आतून अडीच-तीन मीटर. एवढ्या बंद जागेत ती लाट पसरू शकत नाही, आतल्या हवेचा दाबच एकसंध वरखाली होतो. म्हणून साठच्या आसपास आणि त्याखाली केबिन स्वतःच आवाज उचलून धरते. घरच्या दिवाणखान्यात जो ८ इंची चपटा सब लुळा वाटेल, तोच हॅचबॅकमध्ये चाळीसपर्यंत व्यवस्थित उतरतो. तीसची अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नका. आणि खोक्यावरचे 'मॅक्स' वॅट बघून घेऊ नका, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॅट, बघा. या वर्गात ७५ ते १२५ आरएमएस खरे आकडे असतात. शास्त्रीय ऐकणाऱ्याला ७५ पुरतात.

माझं मत: सब घ्या आणि पुढच्या दोन दारांना डॅम्पिंग करा. स्पीकर बदलणं नंतर बघा.

राजगडवारी
हायवेचा मुद्दा पटला. मी बहुतेक शहरातच चालवतो. तरी डॅम्पिंगचा आग्रह कायम, कारण सब आला की दाराची पट्टी, नंबरप्लेट, डिकीवरचा ट्रे, सगळं खडखडायला लागतं.

तारजोड
मी इचलकरंजीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. लायटरच्या सॉकेटमागून करंट घेण्याचं वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकी ट्यूनिंगचं जाणकार सांगतील, मी वायरबद्दल सांगतो.

१२५ आरएमएसचा क्लास-डी अॅम्प पूर्ण जोरात अकराएक अँपिअर ओढतो. लायटरची लाइन साधारण १५ अँपिअरच्या फ्यूजवर असते, तिच्यावर मोबाइलचा चार्जर, टायरचा पंप हे सगळं येतं. ती वायर मुळात या कामासाठी टाकलेलीच नाही. सबला स्वतंत्र लाइन हवी आणि ती थेट बॅटरीवरूनच.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज जास्तीत जास्त दीड फुटावर. वीत-दीड वीत अंतरावर आला तर उत्तम. हा फ्यूज सबसाठी नाही, वायरसाठी आहे. सबला स्वतःचा फ्यूज असतो. पण उद्या फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) कडेला घासून वायर सोलली आणि पत्र्याला लागली, तर गाडीची बॅटरी त्या वायरमधून शेकडो अँपिअर ढकलते. काही सेकंदांत इन्सुलेशन पेटतं, आणि सबजवळचा फ्यूज तिथे काहीच करू शकत नाही, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे झालेला असतो. 'फ्यूज लागत नाही' म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. १५ अँपिअरच्या मागणीला १५ चाच फ्यूज, उडतो म्हणून ३० चा टाकायचा नाही.

वायर तांब्याची, १० गेज म्हणजे साधारण ५.३ चौरस मिमी. बॅटरीपासून सीटखालपर्यंत पाच मीटर धरा. अडीच चौरस मिमीच्या वायरीत ११ अँपिअरला जवळपास ०.४४ व्होल्ट वाटेतच जातात, सहा चौरस मिमीच्या वायरीत ०.१८. फरक कानाला लगेच कळेलच असं नाही, पण जाड वायर गरम होत नाही. बाजारात किटमधून येणाऱ्या बऱ्याच वायरी तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या असतात. ब्लेडने एक तार खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर अॅल्युमिनियम. तशीच घ्यायची वेळ आली तर एक माप जाड घ्या, म्हणजे ८ गेज (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड). घरात वापरायची साधी वायर बोनेटखाली नको, ती उष्णता आणि तेल फार दिवस सोसत नाही.

फायरवॉलमधून जाताना कंपनीचं ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवलेलं रबरी बूच) शोधा, त्यातूनच वायर न्या आणि वर कॉरुगेटेड पाइप चढवा. नवीन भोक पाडायची वेळ बहुतेक गाड्यांत येत नाही.

अर्थिंग: सबपासून अर्ध्या मीटरच्या आत, पॉझिटिव्ह एवढ्याच जाडीची वायर. कंपनीचा अर्थ पॉइंट जवळ असेल तर तो घ्या. नसेल तर पत्र्यावरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून बोल्ट घट्ट करा, वरून गंज न लागण्यासाठी थोडं ग्रीस. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. तो बोल्ट अपघातात माणसाला धरून ठेवतो, त्याच्याखाली थिंबल अडकवायचं नाही.

सीटखाली पिवळ्या रंगाचे कप्लर दिसले तर ते एअरबॅगचे किंवा बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे. इग्निशन चालू असताना ते ओढायचे नाहीत. काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा आणि काही मिनिटं थांबा.

आणि सीटखालच्या फरशीला स्क्रू मारू नका. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची आणि ब्रेकची नळी पत्र्याच्या खालून गेलेली असते. सबबरोबर येणाऱ्या पट्ट्या आणि कार्पेटला धरणारं चांगलं वेल्क्रो पुरतं.

रश्मी_नाशिक
तारजोड दादा, फार नीट सांगितलंत. दोन शंका. कंपनीच्या स्टिरिओला मागे आरसीएचे (बाहेरच्या अॅम्पला सिग्नल देणारे) पिन नाहीत, मग गाणं सबपर्यंत कसं न्यायचं? आणि सबला चालू-बंदचा इशारा देणारी रिमोट वायर कुठून घ्यायची?

तारजोड
ताई, या प्रकारच्या बहुतेक सबना हाय-लेव्हल इनपुट असतो. म्हणजे स्पीकरच्या वायरीतलाच सिग्नल तो घेतो. मागच्या दोन स्पीकरच्या लाइनवरून चार वायरी काढायच्या, डाव्याचं प्लस-मायनस, उजव्याचं प्लस-मायनस. कंपनीची वायर कापायची नाही. त्या गाडीच्या कप्लरला बसणारा टी-हार्नेस मिळतो, तो मधे घातला की नंतर काढून गाडी पूर्ववत करता येते. वॉरंटीचा वादही येत नाही.

रिमोटचं म्हणाल तर बऱ्याच सबमध्ये ऑटो टर्न-ऑन असतं. स्टिरिओ चालू झाला की स्पीकरच्या वायरीवर बॅटरीच्या साधारण निम्मे व्होल्ट येतात, ते ओळखून सब जागा होतो. ती सोय नसेल तर फ्यूज बॉक्समधल्या अॅक्सेसरीच्या फ्यूजवर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा लाइन देणारा जोड) लावून रिमोटची बारीक वायर घ्या. सतत चालू राहणाऱ्या लाइनवर मात्र ती जोडायची नाही. सब रात्रभर जागा राहिला की छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन दिवसांत मान टाकते. काम झाल्यावर गाडी लॉक करून, अर्धा तास जाऊ देऊन मल्टिमीटरने बॅटरीचा ड्रेन मोजून घ्या. ५० मिलीअँपिअरच्या आत असला पाहिजे.

आणखी एक, पॉवरची वायर एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने ओढायची. ओलांडायचीच झाली तर काटकोनात. नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. अर्थ कच्चा असला तरी तीच शिट्टी येते, आणि माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा अर्थमध्येच सापडतो.

लालमाती
कोकणातून. पावसाळ्याचं कुणीच बोललं नाही. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी आत पुढे डावीकडच्या कार्पेटखाली साठतं, आणि सब तर आपण त्याच बाजूच्या सीटखाली ठेवतो. वरून काही दिसत नाही, खालचा फोम ओला होऊन बसतो. एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतंय ना, एवढं बघत जा. आणि सब थेट कार्पेटवर न ठेवता त्याच्या पट्ट्यांवर बोटभर उचलून ठेवा. छोट्याच्या ओल्या छत्रीचं पाणीही तिथेच वाहत येतं.

ऑरेंजसिटी
नागपूरकरांसाठी: मे महिन्यात दुपारी उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टी झालेली असते. सीटखाली सावली असल्याने सब त्यातल्या त्यात सुखात असतो, तरी गाडीत बसल्या बसल्या पूर्ण आवाज देऊ नका. आतला अॅम्प गरम झाला की स्वतःला बंद करून घेतो. सब बिघडला म्हणून लोक दुकानात जातात आणि तिथे पोचेपर्यंत तो थंड होऊन चालू झालेला असतो. मागच्या प्रवाशांच्या पायाशी हवा देणारे डक्ट सीटखाली असतील तर त्यांचं तोंड झाकू नका.

कोयनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सीटखाली मोजमाप घेतलं. मागून पुढे जागा भरपूर आहे, प्रश्न उंचीचा. सब साधारण ७ ते ८ सेंमी उंच असतात. बाबांना सीटवर बसवून मोजलं, कारण माणूस बसल्यावर स्प्रिंग खाली येते. वर बोटभर जागा उरते. ड्रायव्हरच्या सीटला उंची कमी-जास्त करायची सोय आहे, त्यामुळे तिथे अंदाज बांधणं कठीण.

तारजोड
ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवूच नका. जोरात ब्रेक मारल्यावर एखादी सैल वस्तू पुढे सरकून पेडलखाली जाऊ शकते. ती शक्यता शून्यच असायला हवी. डाव्या सीटखालीच बसवा, आणि सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे सरकवून वायर कुठे चिमटत नाही ना ते बघा.

कोयनाकाठ
काम झालं. पुण्यात तपकीर गल्लीतून वायर, फ्यूज होल्डर आणि थिंबल आणले. बसवून घेतलं ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून, मी शेजारी उभा राहून. बॅटरीजवळ १५ चा फ्यूज, ग्रोमेटमधून वायर, टी-हार्नेसवरून सिग्नल. ड्रेन मोजला, ठीक आहे. शिट्टी अजिबात नाही.

डग्गा आला! पण तो माझ्या डाव्या बाजूने, सीटखालून येतो. बातम्या लावल्या तर निवेदकाच्या आवाजाचा खालचा भागही सीटखालून येतो. बाबा म्हणाले, "तबलजी मागे बसलाय आणि गवई पुढे." हे कसं सुधारायचं?

मंद्रसप्तक
बाबांनी अचूक निदान केलंय. आता खरं काम सुरू होतं, आणि याला पैसे लागत नाहीत. शांत जागी गाडी उभी करून तासभर द्या.

पहिलं म्हणजे लो-पासची कळ, सबने किती हर्ट्झपर्यंतच वाजायचं ते ठरवणारी. दुकानात ती बहुतेक वेळा पूर्ण फिरवलेली असते, १२० किंवा त्याच्या वर. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो. सब १२० पर्यंत गात राहिला तर निवेदकाचा निम्मा गळा सीटखाली जाणारच. ती ८० वर आणा. त्याखालच्या आवाजाची दिशा कानाला नीट सांगता येत नाही, त्यामुळे डग्ग्याची चामडी सीटखाली वाजली तरी बोटांचा आघात पुढच्या दारांतून येतो, आणि मन सगळा तबला पुढेच बसवतं. ८० ला अजून खालून वाटत असेल तर ७० करून बघा.

दुसरं, स्टिरिओचं इक्वलायझर सपाट. बास, ट्रेबल दोन्ही शून्यावर. सबवर बास बूस्टची कळ असेल तर तीही शून्यावर. ती ४०-४५ च्या आसपास एकच फुगवटा देते, त्यात डग्ग्याच्या मींडेचे सगळे स्वर एकसारखे घुमायला लागतात. मींड ऐकू येणं हीच तर आपली कसोटी आहे.

तिसरं, गेन, म्हणजे सब किती जोरात वाजेल ते. स्टिरिओचा आवाज पाऊण भागापर्यंत नेऊन ओळखीचं गाणं लावा, सबचा गेन हळूहळू वाढवा, आवाज फाटायला लागला की थोडा मागे या. ती वरची मर्यादा. त्यानंतर स्टिरिओ रोजच्या आवाजावर आणा आणि सब वेगळा ऐकू येणार नाही इतका गेन कमी करा. बरोबर झालं याची खूण अशी की सब बंद केला तर गाणं पोकळ वाटतं, चालू केला तर सब आहे हे जाणवत नाही.

चौथं, फेज, म्हणजे सबची लाट दारांच्या स्पीकरच्या लाटेशी जुळवणं. ०-१८० चा स्विच असेल. ८० हर्ट्झचा सलग स्वर लावा, स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्विच बदलायला सांगा. ज्या बाजूला तो स्वर भरीव ऐकू येतो ती बाजू कायम. दुसऱ्या बाजूला दाराचे स्पीकर आणि सब एकमेकांना खोडतात. सीटखालच्या सबबाबत ही पायरी लोक सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

कोयनाकाठ
आज संध्याकाळी बाबांना शेजारी बसवून केलं. लो-पास ८० वरून शेवटी ७५ च्या आसपास ठेवला. फेज १८० ला भरीव, ० ला तोच स्वर पातळ. गेन बाबांनी ठरवला. मी जिथे थांबलो होतो त्याच्याही खाली नेला आणि विलंबित एकताल लावायला सांगितला. ठेका स्टिरिओच्या पाठीमागून, काचेच्या अलीकडून येतो. तानपुरा गाडीभर पसरतो. हायवेला शंभरच्या वेगातही घिस्सा ऐकू येतो, आणि आवाज पूर्वीपेक्षा दोन टप्पे कमीच ठेवावा लागतो. डिकीचा ट्रे थोडा खडखडत होता, कडेला फेल्टची पट्टी चिकटवली.

राजगडवारी
अभिनंदन! आवाज कमी ठेवावा लागतो हे वाचून मीही विचारात पडलोय.

कागदोपत्री
बिल जपून ठेवा. विम्याच्या नूतनीकरणावेळी आयएमटी २४ (मोटार विम्याचं एक जोडकलम) खाली बाहेरून बसवलेलं इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक सामान वेगळं नोंदवता येतं. त्याच्या किमतीच्या ४ टक्के प्रीमियम पडतो. नोंद नसेल तर चोरी किंवा अपघातात त्या सामानाची भरपाई मिळत नाही.

पवनचक्की
आमची गाडी इलेक्ट्रिक आहे. तिच्यात हे चालेल का?

तारजोड
चालेल, तिच्यातही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, त्याच लाइनवर जोडायचं. तीन गोष्टी पाळा. नारिंगी वायरींना अजिबात हात लावायचा नाही, त्या उच्च दाबाच्या असतात. फरशीला स्क्रू मारायचा नाही, कारण तिच्या खालीच मोठी बॅटरी आहे. आणि गाडी बंद ठेवून तासन्‌तास गाणी ऐकायची नाहीत. छोटी बॅटरी उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारूनच करा.

अर्टिगाकर
माझी अर्टिगा स्मार्ट हायब्रिड आहे. डाव्या सीटखाली आधीच काहीतरी खोकं आहे. ते बाजूला सरकवता येईल का?

तारजोड
नाही. ती हायब्रिडची लिथियम बॅटरी आहे, तिला हलवायचं नाही आणि तिच्यावर काही ठेवायचंही नाही. तुम्ही सर्वांत मागच्या रांगेशेजारी, डिकीच्या कडेला उभा बसणारा सब बघा. वायर दीड-दोन मीटर वाढेल, म्हणून १० ऐवजी ८ गेज घ्या. फ्यूज पुढेच, बॅटरीजवळ.